वालाच्या कडूपणाचा शोध घेणाऱ्या कमलाबाई

आषाढात मालवणच्या समुद्राला उधाण येते, होड्या वर ओढून झापांखाली झाकल्या जातात आणि घराघरांत मासळीची जागा कुळीथ, काळे वाटाणे अन् कडवे वाल घेतात. आजारातून उठलेल्याला पिठी-भात, पाहुण्यांना काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळ्या. वालाचे सोपस्कार मात्र सगळ्यांत जास्त. रात्रभर भिजवा, पाणी ओतून टाका, फडक्यात बांधून मोड आणा, सोला आणि मगच फोडणीला टाका. मध्येच घाई करणाऱ्या सुनेला सासूने दटावले नाही असे घर विरळाच! हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या : डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या त्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. मुलीनेही तिथेच जावे, यात घरच्यांना काही वावगे वाटले नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमलाने अर्ज केला, तर तो नामंजूर. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन आणि नकाराचे कारण एवढेच, की अर्जदार मुलगी आहे.

दिवस गांधीजींचे होते. कमलाने रामन यांच्या दारात सत्याग्रह मांडला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तितक्या रात्रीपर्यंत काम करायचे आणि तिच्यामुळे संस्थेतले वातावरण बिघडता कामा नये! शेवटची अट तर निव्वळ अपमानाची. तिने ती मान्य केली. पण उतारवयातही हा सल कमलाबाईंच्या मनातून गेला नव्हता.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे. त्यांच्या हाताखाली तिने दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली. तोवर रामन यांचे मत पालटले होते आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले होते. पुढे केंब्रिज. तिथे वनस्पतींच्या पेशींतल्या ‘सायटोक्रोम सी’ या घटकाचा शोध आणि १९३९ मध्ये पीएच.डी. प्रबंध अवघा चाळीस पानांचा!

परदेशात राहणे शक्य असूनही त्या परतल्या. दिल्ली आणि कुन्नूर इथे नोकऱ्या झाल्या. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या. स्वयंपाकघरातल्या वालाचा प्रयोगशाळेत खरा प्रवेश झाला तो इथे.

आपण खाल्लेल्या प्रथिनांचे लहान आतड्यात तुकडे करायला स्वादुपिंडातून ‘ट्रिप्सिन’ नावाचे पाचकद्रव्य येते. कच्च्या कडधान्यांत असा एक घटक असतो, की तो या ट्रिप्सिनलाच चिकटून त्याचे काम रोखतो. म्हणजे दाण्यात प्रथिने भरपूर, पण ती पचू न देणारा पहारेकरीही दाण्यातच! कमलाबाई आणि त्यांचे सहकारी के. एस. अंबे यांनी वाल आणि डबल बी यांतून हा घटक स्फटिकरूपात वेगळा काढला. १९५५ मध्ये ते संशोधन ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. कुळथातही असाच घटक असतो. भिजवणे, मोड आणणे आणि नीट शिजवणे यांनी त्याचा बराचसा जोर ओसरतो. पिठीसाठी कुळीथ आधी भाजतात, मग दळतात आणि पीठ पुन्हा पाण्यात शिजवतात, हे इथे आठवावे. मोडांमुळे क जीवनसत्त्व वाढते, तो लाभ वेगळाच.

शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, तितक्याच वजनाच्या ताज्या बांगड्याहून किंचित जास्तच. अर्थात वाटीभर पिठीला पीठ लागते दोन-तीन चमचे, तेव्हा या आकड्याने फार हुरळून जाऊ नये. कुळथात कॅल्शियम आणि लोहही बऱ्यापैकी असते. कडधान्यांत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी आणि भातात लायसिन कमी. ताटात दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. ज्या घरात दूध-मासळी रोज परवडत नाही, तिथल्या वाढत्या पोरांसाठी हा हिशेब महत्त्वाचा. कमलाबाईंचा सारा रोख अशा घरांकडेच होता. नीरेवरच्या त्यांच्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, त्यामागेही कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर बायाच होत्या.

पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. आरे दूध प्रकल्पालाही त्यांचा सल्ला लाभला. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसणे मात्र जमले नाही. १९६६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ग्राहकांच्या संस्थेत, ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी’त, त्या रमल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षही झाल्या आणि ‘कीमत’ या तिच्या नियतकालिकात गिऱ्हाइकांच्या उपयोगाचे लिहीत राहिल्या.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. सत्कार चालू असतानाच त्या कोसळल्या आणि लवकरच, २८ जूनला, त्यांचे निधन झाले.