जमशेटजी वाडिया

मुंबईच्या फोर्ट विभागात भारतीय नौदलाची जुनी गोदी आहे. तिचा पाया सुरतेच्या एका पारशी कारागिराने घातला. लवजी नसरवानजी हे त्यांचे नाव. ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून इ. स. १७३६ मध्ये ते काही कुशल सुतारांसह मुंबईस आले. १७५० मध्ये त्यांच्या देखरेखीखाली येथे सुकी गोदी तयार झाली. जहाज आत घ्यावे, दरवाजे बंद करावेत, पाणी काढून टाकावे आणि उघड्या पडलेल्या तळाची डागडुजी करावी, अशी ही सोय होती. जमशेटजी बमनजी वाडिया हे या लवजींचे नातू.

आजोबा गोदीचे प्रमुख असल्यामुळे नातवाला मोठ्या अधिकाराची जागा सहज मिळाली असती. परंतु लवजींनी तसे केले नाही. १७७१ मध्ये त्यांनी जमशेटजी व त्यांचे चुलतभाऊ फ्रामजी यांना दरमहा १२ रुपये वेतनावर साधे सुतार म्हणून कामास लावले. करवत, रंधा आणि वाकस चालवीतच दोघे भाऊ जहाजबांधणी शिकले. १७९२ मध्ये गोदीची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे १८०४ मध्ये फ्रामजी निवर्तले आणि सारा भार एकट्या जमशेटजींवर पडला.

त्या काळी इंग्लंडमध्ये जहाजांसाठी लागणाऱ्या ओक लाकडाची टंचाई भासू लागली होती. मलबारचे सागवान ओकपेक्षा अधिक टिकाऊ होते. त्यातील तेलामुळे लोखंडी खिळे लवकर गंजत नसत. परंतु ब्रिटिश आरमाराचे मोठे लढाऊ जहाज हिंदी कारागिरांवर सोपवावे काय, असा प्रश्न होता. जमशेटजींनी त्याचे उत्तर आपल्या कामाने दिले. १८०५ मध्ये त्यांनी बांधलेले लढाऊ जहाज पुढे 'सालसेट' या नावाने ओळखले गेले. १८०८च्या हिवाळ्यात ते बाल्टिक समुद्रातील बर्फात अडकले. सोबतची काही जहाजे नष्ट झाली, परंतु ते तगून राहिले. १८१० मध्ये ७४ तोफांचे 'मिंडेन' आणि १८१३ मध्ये 'कॉर्नवॉलिस' समुद्रात उतरले.

'त्रिंकोमाली' जहाजाच्या वेळी निराळेच संकट आले. त्याचे नकाशे घेऊन मुंबईस निघालेले जहाज १८१२ मध्ये अमेरिकन आरमाराने जिंकले. नकाशे गेले, काम लांबले. दुसरी प्रत आल्यावर जमशेटजींनी ते काम हाती घेतले आणि १८१७ मध्ये पुरे केले.

१८२१ मध्ये जमशेटजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र नवरोजी यांनी घराण्याचा व्यवसाय पुढे चालविला. 'त्रिंकोमाली' आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. दोनशे वर्षे उलटून गेली, तरी ते पाण्यावर तरंगत आहे. बारा रुपयांच्या सुतारकीपासून आरंभ करणाऱ्या या थोर कारागिराचे याहून चिरंतन स्मारक कोणते असणार?