कायद्याने सोडले, लोकांनी नाही

मिसुरी राज्यात वाढलेल्या रॉबर्ट ऊर्फ बॉब फोर्डला तरुणपणी एकाच माणसाचे वेड होते. तो माणूस म्हणजे बँका आणि आगगाड्या लुटणारा जेसी जेम्स. अमेरिकी यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या अनेक समर्थकांना हा दरोडेखोर वीरपुरुष वाटे. राज्याचे गव्हर्नर थॉमस क्रिटेंडन यांनी मात्र त्याच्यावर हजारो डॉलरचे इनाम लावले होते.

टोळी मोडकळीस आल्यावर जेसीने बॉब आणि त्याचा थोरला भाऊ चार्ली यांना सेंट जोसेफ येथील आपल्या घरी आश्रय दिला. त्यापूर्वीच बॉब गव्हर्नरांना गुपचूप भेटून आला होता. ३ एप्रिल १८८२ रोजी जेसीने कमरेची पिस्तुले काढून ठेवली आणि भिंतीवरची तसबीर पुसण्यासाठी तो खुर्चीवर चढला. पाठमोऱ्या यजमानावर बॉबने गोळी झाडली. दोघा भावांनी गुन्हा कबूल केला. त्यांना फाशीची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी गव्हर्नरांची माफीही मिळाली. इनामाचा मात्र थोडाच भाग हाती पडला.

कायद्याने बॉबला मोकळे केले, लोकांनी नाही. पोटासाठी दोघे भाऊ रंगमंचावर त्याच खुनाचा प्रयोग करू लागले. बॉबला भ्याड ठरवणारे गीत सर्वतोमुखी झाले. १८८४ मध्ये खचलेल्या चार्लीने आत्महत्या केली. बॉब पुढे दारूचे गुत्ते चालवत राहिला. ८ जून १८९२ रोजी कोलोरॅडोतील क्रीड या खाणगावी, तंबूत थाटलेल्या गुत्त्यात, एडवर्ड ओ'केलीने त्याला गोळी घालून ठार केले. तेव्हा तो अवघा तिशीचा होता.

पत्रकारिता आणि दुसरे महायुद्ध जवळून पाहिलेल्या सॅम्युएल फुलरने १९४९ मध्ये दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट केला, तो 'आय शॉट जेसी जेम्स'. त्याने कथेच्या केंद्रस्थानी जेसीला नव्हे, तर बॉबला ठेवले. जॉन आयर्लंडने साकारलेला हा बॉब प्रेयसीशी लग्न करता यावे म्हणून, माफीच्या लोभाने मित्राला मारतो आणि त्याच कृत्यामुळे तिचे प्रेम गमावतो. ही प्रेयसी कल्पित आहे. पण मित्राला मारूनही त्याच्यावरची माया न सुटलेल्या माणसाची अपराधी घुसमट तिच्यामुळेच प्रेक्षकांपर्यंत पोहोचते.

बॉबचा देह पुढे मिसुरीत आणून रिचमंड येथे पुरण्यात आला. त्याच्या थडग्यावर नावासोबत ओळख कोरलेली आहे ती एवढीच, की जेसी जेम्सला मारणारा तो हा माणूस.