कराची ते मुंबई

इ. स. १९२९ मध्ये विलायतेचे टपाल दर आठवड्यास विमानाने कराचीपर्यंत येऊ लागले. हजारो मैल आकाशमार्गे आलेली ही पत्रे कराचीस उतरली, की मुंबई-मद्रासकडे जाण्यासाठी पुन्हा आगगाडीत चढत आणि त्यांचा वेग तेथेच सरे. हा खोळंबा ज्यांनी दूर केला, ते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा.

जहांगीर यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ज्या गावी हे कुटुंब उन्हाळ्यात राहण्यास जाई, तेथेच ब्लेरिओ या प्रसिद्ध वैमानिकाचेही घर होते. वाळूवर उतरणारी विमाने पाहून या बालकाच्या मनाने उड्डाणाचा ध्यास घेतला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिलाच परवाना होता.

आगाखानांनी इंग्लंड व भारत यांच्या दरम्यान एकट्याने विमान नेणाऱ्या भारतीयास बक्षीस जाहीर केले. जहांगीर कराचीहून निघाले. अ‍ॅस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा तरुण इंग्लंडहून निघाला. वाटेत इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडला होता. जहांगीर यांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला देऊन टाकला. स्पर्धा अ‍ॅस्पीने जिंकली. जहांगीर थोडक्या तासांनी मागे राहिले. हाच अ‍ॅस्पी पुढे भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला.

नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने कराचीहून पुढे हवाई टपाल नेण्याची योजना मांडली. साधने पाहिली तर हसू यावे : दोन लहान विमाने आणि मोजकी माणसे. वाटेत दिशा सांगणारे बिनतारी यंत्र नाही. मुंबईचा विमानतळ म्हणजे जुहूची चिखलट जमीन. पावसाळ्यात ती समुद्राच्या पाण्याखाली जाई आणि सारा कारभार पुण्यास हलवावा लागे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जहांगीर यांनी पस मॉथ हे एका इंजिनाचे विमान कराचीहून उडविले. बरोबर सोबती नव्हता, टपालाच्या थैल्या होत्या. अहमदाबादेस पेट्रोल घ्यावयाचे होते. ते डब्यांत भरून चक्क बैलगाडीतून आले! दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूस उतरले. सुमारे हजार किलोमीटरची ही वाट मुक्कामासह सव्वासात तासांत सरली होती. मद्रासकडील टपाल घेऊन व्हिन्सेंट पुढे निघाला. वऱ्हाडात मात्र अजून आगगाडीचाच आधार होता. पिंपळगाव राजासारख्या रेल्वे नसलेल्या गावी तर पत्र शेवटी रस्त्यानेच पोहोचे. तरी कराचीपासून मुंबईपर्यंतचे त्याचे दिवस वाचले होते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गे लंडनला निघाले. १९५३ मध्ये विमान कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. हे जहांगीर यांना रुचले नव्हते. तथापि १९७८ पर्यंत अध्यक्षपदाची धुरा त्यांनीच वाहिली.

१९८२ साली त्या पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली. जेट विमानास एवढ्या अंतराला दीड तास पुरे, असा तो काळ. जहांगीर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी जुने एका इंजिनाचे लेपर्ड मॉथ विमान घेतले, १५ ऑक्टोबर रोजी कराचीहून एकट्याने उड्डाण केले आणि अहमदाबादेस थांबून ते जुहूस उतरले.