जखमेची भरपाई कोणी द्यायची? मजूरमंत्री बाबासाहेबांचे मागे पडलेले काम

बाबासाहेबांच्या जयंतीला आपण महाड, काळाराम, संविधान आणि नागपूर आठवतो. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते, हे फार तर आठ तासांच्या कामापुरते आठवते. पण कामावर एखाद्याचा हात गेला, पाय गेला किंवा घरचा कर्ता माणूसच गेला, तर त्याच्या घराला पैसे कोणी द्यायचे आणि मालकाने हात वर केले तर काय, या प्रश्नावरही त्यांनी काम केले. आज सातारा-सांगलीतल्या आपल्या वस्त्यांना हे काम माहीत असणे फार गरजेचे आहे. ऊस, बांधकाम, एमआयडीसी आणि महामार्ग या चार ठिकाणी आपली माणसे राबतात आणि तिथेच जायबंदी होतात.

साताऱ्याचा भीमा

१४ एप्रिल १८९१ ला महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात गेले. आई भीमाबाईंचे निधन साताऱ्यातच झाले, त्यांची समाधीही तिथेच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचे नाव दाखल झाले. तोच दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

तेव्हा वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगाव येथे खजिनदार होते. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून तिथे सरकारी तलाव खोदला जात होता. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. ती महार असल्याचे कळताच कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकत ती निघाली, वाटेत प्यायला पाणीही मिळाले नाही. हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. त्यामागचे दुष्काळी काम मात्र आपण विसरतो. त्या काळी कामावर दरड कोसळून मजूर मेला, तर त्याच्या घरच्यांना दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाची चूक सिद्ध करावी लागे. रोजंदारीवरच्या माणसाला ते शक्यच नव्हते.

कायदा आला, पण पैसे?

बाबासाहेब १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईत वकिली करू लागले. त्याच वर्षी कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे दाखवले की मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही.

पण त्यात एक भोक राहिले. मालकाने विमा काढलाच पाहिजे, अशी सक्ती नव्हती. मालक बुडाला, पळाला किंवा कंगाल निघाला, की भरपाईचा हुकूम कागदावरच राही. हक्क आहे, पण वसुली नाही, अशी ही अवस्था होती.

कामगाराच्या आयुष्यातली जोखीम कोणी उचलायची, हा विचार बाबासाहेबांच्या कामात आधीपासून दिसतो. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती भत्त्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे शाळाप्रवेशाच्या दिवसाला बरोबर ३८ वर्षे झाली तेव्हा, कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. त्याच्या नेत्यांत बाबासाहेब होते.

युद्धातल्या जखमा आणि सक्तीचा विमा

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. दुसरे महायुद्ध भारताच्या दारात आले होते. जपानी विमाने पूर्व किनाऱ्यावर आणि कलकत्त्यावर बॉम्ब टाकत होती. गोदीत आणि कारखान्यात राबणारा मजूर बॉम्बने जखमी झाला, तर १९४१ च्या अध्यादेशाखाली सरकार त्याला मदत देत असे. पण ती ठरावीक रकमेची होती, त्याच्या पगाराशी तिचा मेळ नव्हता. यंत्राने हात तुटला तर १९२३ च्या कायद्याने मिळणारी रक्कम, बॉम्बने तुटला तर मिळणाऱ्या मदतीपेक्षा जास्त भरे.

१९४३ मध्ये बाबासाहेबांनी केंद्रीय विधिमंडळात युद्धजखमा (नुकसानभरपाई विमा) विधेयक मांडले आणि ते मंजूर झाले. सरकारी मदत आणि पूर्ण भरपाई यांतला फरक मालकाने द्यायचा, असे या कायद्याने ठरवले. शिवाय मालकाने या जबाबदारीचा विमा काढणे सक्तीचे केले. हप्ता मालकाने भरायचा आणि विम्याचा निधी केंद्र सरकारने चालवायचा. त्यामुळे एखादा मालक बुडाला तरी मजुराचे पैसे बुडणार नव्हते. कायदा युद्धापुरताच होता, पण १९२३ च्या कायद्यातले भोक नेमके कसे बुजवायचे ते त्याने दाखवून दिले.

१४ एप्रिल १९४४ रोजी, बाबासाहेबांच्या ५३ व्या वाढदिवशी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला आणि शेकडो माणसे मेली. सरकारला त्याच्या भरपाईसाठी वेगळा अध्यादेश काढावा लागला. संकट आल्यावर धावपळ करण्यापेक्षा व्यवस्था आधीच उभी हवी, हे त्या स्फोटानेही सांगितले.

एकरकमी पैशापासून महिन्याच्या आधारापर्यंत

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत उतरले आणि मजुरांची घरेही त्यांनी पाहिली. पुढच्याच महिन्यात कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. खाणीबाहेर जाणाऱ्या कोळशावर कर बसवून तो पैसा मजुरांच्या कल्याणाकडे वळवला गेला. याच काळात युद्धाचे कारण देऊन स्त्रियांना खाणीच्या पोटात काम करण्यावरची बंदी सरकारने उठवली. त्या निर्णयावर टीका झाली आणि विधिमंडळात उत्तर बाबासाहेबांनाच द्यावे लागले. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. मंत्रिपद म्हणजे मनासारखेच सगळे करता येणे नव्हे, हेही या चरित्रातून शिकण्यासारखे आहे.

मार्च १९४३ मध्ये मजूर खात्याने प्रा. बी. पी. अडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. आजारपण, बाळंतपण आणि कामावरची दुखापत हे सारे एका विम्याखाली आणण्याची दिशा त्यातून पुढे ठरत गेली. बाबासाहेब मंत्रिमंडळातून गेल्यावर विधेयक आले आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो हाच. त्यात अपघाती मृत्यू झाला तर कुटुंबाला एकरकमी पैशाऐवजी ठरावीक काळाने निर्वाहभत्ता मिळतो. एकरकमी पैसा सावकार आणि भाऊबंदकीत कसा विरघळतो, हे आपण सगळेच पाहतो.

१९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेब आणखी पुढे गेले. विमा धंदा सरकारच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा काढणे कायद्याने बंधनकारक असावे, अशी मागणी त्यांनी केली. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आज आपल्या वस्तीत

बाबासाहेब शिकले तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळाले. या दोन जिल्ह्यांत ऊसतोड आणि बांधकामावरचा बहुतेक मजूर ईएसआयच्या बाहेर आहे. माणूस गेला की तेराव्याच्या आत कोणीतरी पाकीट घेऊन येतो, स्टॅम्प पेपरवर सही घेतो आणि विषय मिटला म्हणतो. कार्यकर्त्यांनी इथेच उभे राहायला हवे.

कामावरच्या मृत्यूची भरपाई मालकाने सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. वारसाच्या हातात परस्पर रोख देऊन मालक कायद्यातून सुटत नाही, आणि हक्क सोडून देणारा करार चालत नाही. १९२३ च्या कायद्यातली ही तत्त्वे आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहेत. दाव्याची मुदत दोन वर्षे आहे. मजूर मुकादमाने आणला असला, तरी ज्याच्या धंद्याचे काम चालू होते त्या मूळ मालकावरही जबाबदारी येते. म्हणून हजेरी, उचलीची वही, बँकेतल्या नोंदी आणि दवाखान्याचे कागद पहिल्याच आठवड्यात गोळा करा.

रस्ता अपघातात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. ठोकर देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजारांची योजना आहे. लोकअदालतीत तडजोड झाली की त्यावर अपील नाही. म्हणून वय, कमाई आणि अवलंबून असलेली माणसे धरून हिशेब मांडल्याशिवाय सही करू देऊ नका.

वकिलाला पैसे नाहीत, हे कारण आता सांगू नका. जिल्हा न्यायालयातले विधी सेवा प्राधिकरण अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील देते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले जाते.

प्रत्येक विहारात कामगार कायदे समजणारी दोन मुले आणि दोन मुली तयार झाल्या, तर पाकीट घेऊन येणाऱ्याला पहिल्यांदा हिशेब विचारला जाईल. मजूरमंत्री बाबासाहेबांची जयंती तशीही साजरी करता येते.

जय भीम!