रखमाबाईंचा नकार

मुंबई उच्च न्यायालयात १८८४ साली दाखल झालेला एक दिवाणी दावा वरकरणी एका कुटुंबापुरता होता. वादी दादाजी भिकाजी यांची मागणी एवढीच, की विवाहित पत्नीने आपल्या घरी नांदायला यावे. प्रतिवादी होत्या विशीच्या उंबरठ्यावरील रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग यांच्या निधनानंतर आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न झाले. परंतु त्या सासरी गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी त्यांचे वाचन वाढले, आणि न कळत्या वयात झालेला विवाह आपल्याला बंधनकारक का मानावा, हा प्रश्नही.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. जो संसार कधी सुरूच झाला नाही, तो पुनःस्थापित कसा करणार, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये तो निकाल रद्द होऊन प्रकरण फेरसुनावणीस गेले. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शवली.

या निर्धाराने समाज ढवळून निघाला. ‘केसरी’तून टिळकांनी त्यांच्यावर कठोर टीका केली, बेहरामजी मलबारी पाठीशी उभे राहिले. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये स्वीकारून दादाजींनी हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली आणि तुरुंगवास टळला.

१८८९ मध्ये रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या. १८९४ मध्ये शिक्षण पूर्ण करून त्या परतल्या. पुढे गुजरातमध्ये, प्रथम सुरत आणि नंतर राजकोट येथे, निवृत्तीपर्यंत त्यांनी स्त्रियांची रुग्णसेवा केली. बालविवाहाने खंगलेल्या कित्येक देहांना ज्या हातांनी उपचार दिले, ते हात कायद्याने बेड्यांच्या जवळ नेले होते.

अशा दाव्यातील हुकूम न पाळणाऱ्यास कैद करण्याची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. देशभरातील हिंदूंना घटस्फोटाचा मार्ग खुला झाला. मात्र जोडीदाराने नांदायला यावे म्हणून दावा लावण्याचा हक्क नवव्या कलमात कायम राहिला. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, रखमाबाईंचे निधन झाले. संमतीवाचून संसार लादता येतो का, हा त्यांनी न्यायासनापुढे ठेवलेला प्रश्न मात्र त्यांच्यामागेही उरला आहे.