पंडिता रमाबाईंचे बायबल

१८७४ मध्ये आईवडील आणि १८८२ मध्ये पती निवर्तले, तेव्हा पंडिता रमाबाईंनी पंचविशीही गाठली नव्हती. पुढील वर्षी इंग्लंडमध्ये, वाँटेज येथे, त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. स्वदेशातील रोष अपेक्षितच होता. श्रद्धेची कसोटी चर्चच्या आतही लागली. केवळ धर्मपीठ सांगते म्हणून त्रैक्याचा सिद्धान्त स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. क्रुसावर लॅटिनच अक्षरे का, संस्कृत का नकोत, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता.

१८९३ मध्ये पुण्याच्या शारदासदनावर धर्मांतराचा आरोप आला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक दुरावले. पुढे केडगावी, दुष्काळपीडित स्त्रियांच्या सहवासात, त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणावयास घेतले. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने हिंदू धर्मकल्पना सूचित करणारे संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. त्यामुळे भाषांतर ठिकठिकाणी ओबडधोबड झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु अल्पशिक्षित बाईला समजेल अशीच भाषा त्यांना हवी होती. छपाईही आश्रमातील स्त्रियांनीच केली.

१९२१ मध्ये मनोरमा वारली. रमाबाईंनी काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. समग्र बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.