कवि कौपर आणि त्यांस सोडून न गेलेलीं माणसें

ज्यांच्या गीतांनीं असंख्य दुःखितांस धीर दिला, ते स्वतः आयुष्याचीं शेवटचीं २७ वर्षें देवानें आपणांस टाकिलें आहे अशा समजुतीनें जगले, असें कोणीं सांगितलें तर आपणांस नवल वाटेल. इंग्रज कवि विल्यम कौपर यांची गोष्ट अशीच आहे. आज आम्ही त्यांचें चरित्र सांगत आहों तें त्यांच्या काव्याची थोरवी गाण्यासाठीं नव्हे. मनाच्या दीर्घ आजारानें ग्रासलेला मनुष्य कोणाच्या आधारानें जगतो, आणि त्याच्या जवळच्यांनीं काय करावें, हें ह्या चरित्रांत जसें दिसतें तसें अन्यत्र क्वचितच दिसेल.

कौपर यांचा जन्म सन १७३१ च्या नोव्हेंबर महिन्यांत इंग्लंडांतील बर्कमस्टेड ह्या गांवीं झाला. वडील तेथील पाळक होते. मूल सुमारें सहा वर्षांचें असतां आई वारली, आणि त्यास घरापासून दूर एका शाळेंत ठेवण्यांत आलें. तेथें एका मोठ्या मुलानें त्यांचा अतोनात छळ केला. त्याच्या तोंडाकडे मान वर करून पाहण्याचें धैर्य त्यांस होत नसे; त्याच्या बुटांचीं बक्कलें तेवढीं त्यांच्या ओळखीचीं झालीं. पुढें लंडन शहरांत कायद्याचें अध्ययन करून सन १७५४ त त्यांनीं वकिलीची सनद मिळविली. परंतु त्याच्या आधींच, विशीच्या आरंभीं, खिन्नतेचा पहिला झटका येऊन गेला होता.

सन १७६३ मध्यें एका नातलगाच्या वशिल्यानें उमरावांच्या सभेच्या दप्तरांत त्यांस जागा मिळण्याचा योग आला. त्यासाठीं सभेपुढें उभें राहून परीक्षा द्यावयाची होती. त्या परीक्षेच्या भयानें महिनोन्‌महिने त्यांचें मन पोखरून काढिलें. आणि शेवटीं त्यांनीं आपल्याच हातानें आपला अंत करण्याचा प्रयत्न केला. देवकृपेनें प्राण वांचले. त्याच वर्षीं डिसेंबर महिन्यांत त्यांस सेंट आल्बन्स येथें डॉक्टर नॅथॅनियल कॉटन यांच्या आश्रयगृहांत नेण्यांत आलें. त्या काळीं कित्येक ठिकाणीं भ्रमिष्टांस साखळदंड घालीत. डॉक्टर कॉटन मात्र दयाळू होते, आणि स्वतः कविताही करीत. तेथें कौपर सुमारें दीड वर्ष राहिले.

त्या आश्रयगृहाच्या बागेंत एका बांकावर पडलेलें पवित्र शास्त्र त्यांच्या हातीं आलें. पुढें सन १७६४ च्या जुलै महिन्यांत रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायांतील पंचविसावें वचन वाचतां वाचतां त्यांस क्षमेची खात्री पटली. अश्रु आवरेनात, आनंदानें कंठ दाटून आला. ही वार्ता गोड खरी. पण तिच्यांतील एक गोष्ट आमच्या उपदेशक बंधूंनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. निराशेंतून एकाएकीं उसळलेला तो आनंद पाहून डॉक्टर कॉटन यांस चिंता वाटली. ह्या उल्हासाचें पर्यवसान पुन्हां भ्रमांत तर होणार नाहीं ना, अशी त्यांस भीति पडली. रोग्याच्या दुःखाप्रमाणें त्याच्या आनंदावरही नजर ठेवावी लागते, हें त्या जाणत्या वैद्यास ठाऊक होतें.

एक आजार असा आहे कीं, त्यांत मन कांहीं काळ उल्हासानें भरून वाहतें, झोपेची गरज वाटेनाशी होते, बोलण्यास व बेतांस सीमा राहत नाहीं. आणि मग तेंच मन एखाद्या खोल विहिरींत पडावें तसें पडतें. ह्यास आजचे डॉक्टर द्विध्रुवी विकार किंवा बायपोलर म्हणतात. कौपर यांचा आजार हाच असावा असें कित्येक अभ्यासकांस वाटतें. दुसरे कित्येक त्यास वारंवार येणारी तीव्र खिन्नता म्हणतात. कोणतेंही नांव दिलें तरी आजार खरा होता, आणि तो जन्मभर परत परत आला.

सन १७६५ च्या जून महिन्यांत कौपर बाहेर पडले तेव्हां त्यांचें वय ३३ वर्षांचें होतें. धंदा सुटला होता. नातलग वर्गणी करून जें पाठवीत त्यावर गुजराण होती. बरोबर एकच मनुष्य होता. आश्रयगृहांत ज्यानें त्यांची शुश्रूषा केली होती तो सॅम रॉबर्ट्स नांवाचा सेवक त्यांजपाशीं राहिला. दोघे हंटिंगडन गांवीं येऊन राहिले. तेथें एके दिवशीं उपासनेनंतर विल्यम अन्विन नांवाच्या तरुणानें ह्या एकाकी परक्या गृहस्थाची आपण होऊन विचारपूस केली, आणि पुढें त्यांस आपल्या आईबापांच्या घरीं नेलें. त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत कौपर त्या घरीं पैसे भरून राहूं लागले. एका तरुणाच्या त्या चार शब्दांनीं कौपर यांच्या पुढील साऱ्या आयुष्याचा पाया घातला.

ह्या कुटुंबाची माता मेरीबाई अन्विन कौपर यांजहून सात वर्षांनीं मोठी होती. सन १७६७ त तिचे यजमान घोड्यावरून पडून मरण पावले. त्या दुःखाच्या समयीं समाचारास आलेले पाळक जॉन न्यूटन यांनीं दोघांस आपल्या ओल्नी गांवीं येऊन राहण्याचें आमंत्रण दिलें. हे न्यूटन पूर्वीं गुलामांच्या व्यापारांतील जहाजाचे कप्तान होते. पुढें पश्चात्ताप पावून ते सुवार्तेचे सेवक झाले. ओल्नींत पाळकाचें घर आणि कौपर यांचें घर ह्यांमध्यें एक फळबाग होती. तींतून जाण्यायेण्याच्या हक्कासाठीं ते वर्षाला एक गिनी भरीत. लेस विणून पोट भरणाऱ्या गरीब लोकांच्या त्या गांवीं कौपर हे न्यूटन यांजबरोबर आजाऱ्यांच्या भेटीस जात, प्रार्थनासभेस बसत. दोघांनीं मिळून गीतांचें पुस्तक करण्याचें ठरविलें. तें सन १७७९ त निघालें. त्यांत ३४८ गीतें असून सत्तरीच्या आंतबाहेर गीतें कौपर यांचीं आहेत. देवाच्या गूढ मार्गांविषयींचें त्यांचें गीत आज जगांतील कितीएक भाषांत गाइलें जातें.

परंतु पुस्तक निघण्याच्या सहा वर्षें आधींच कौपर यांची लेखणी थांबली होती. सन १७७३ च्या जानेवारी महिन्यांत आजार पुन्हां आला. कांहीं दिवसांनीं त्यांनीं एक स्वप्न पाहिलें. आपला सर्वस्वीं नाश ठरला आहे अशी वाणी त्यांस स्वप्नांत ऐकूं आली, आणि ती देवाचीच असें त्यांच्या मनानें घेतलें. त्या दिवसापासून ते उपासनेस गेले नाहींत. सर्व जण आपला द्वेष करितात, मेरीबाई सर्वांहून अधिक करिते, अन्नांत विष घातलें आहे, असें त्यांस वाटे. जीव देण्याचाही प्रयत्न पुन्हां झाला. त्यापूर्वीं त्यांचा व मेरीबाईंचा विवाह ठरला होता. तो ह्या संकटामुळें राहिला तो कायमचाच.

आतां पाहा, त्या दोन मित्रांनीं काय केलें. मेरीबाईंनीं आपल्यावर संशय घेणाऱ्या त्या मनुष्याची रात्रंदिवस सेवा केली. एप्रिल महिन्यांत कौपर न्यूटन यांच्या घरीं आले आणि तेथून हलण्यास कबूल होईनात. पाळकांनीं त्यांस वर्षाहून अधिक काळ आपल्या घरांत ठेवून घेतलें. ज्याच्याशीं वाद करून उपयोग नाहीं त्याजपाशीं नुसतें बसावें लागतें, हें ते शिकले. सन १७७४ च्या मे महिन्यांत, कोंबड्यांस दाणे टाकीत असतां कांहीं क्षुल्लक गोष्टीवरून कौपर हंसले. न्यूटन यांनीं तें हास्य पत्रांत लिहून ठेविलें. सोळा महिन्यांहून अधिक काळांत त्या चेहऱ्यावर हंसूं दिसलें नव्हतें. वाचकहो, एवढ्याशा हास्याची जो वाट पाहतो आणि दिसल्यावर त्याची नोंद ठेवितो, तोच खरा मेंढपाळ.

पुढें हळूहळू हातांस काम मिळालें. कोणीं तरी सशाचें एक पिल्लूं आणून दिलें; मग आणखी आलीं. पस, टायनी आणि बेस हीं तीन त्यांनीं वाढविलीं. पस आजारी पडला असतां त्यांनीं त्याची शुश्रूषा केली, आणि बरें झाल्यावर त्या मुक्या प्राण्यानें त्यांचा हात सर्व बाजूंनीं चाटून उपकार मानिले. सशांसाठीं खुराडीं करावीं, बागेंत भाज्या लावाव्या, चित्रें काढावीं, अशा उद्योगांत दिवस जाऊं लागले. सन १७८० त न्यूटन लंडनास गेले, तेव्हां येणाऱ्या हिवाळ्याचें भय ओळखून मेरीबाईंनीं त्यांस मोठें काव्य लिहिण्यास लाविलें. पन्नाशी गांठीत असतां अशा रीतीनें ते कवि झाले. सन १७८२ त पहिला काव्यसंग्रह आणि सन १७८५ त ‘टास्क’ हें मोठें काव्य प्रसिद्ध होऊन सर्व इंग्लंडांत त्यांचें नांव झालें. तें वाचून बहुत वर्षें दुरावलेली चुलतबहीण लेडी हेस्केथ हिनें पुन्हां पत्रव्यवहार सुरू केला, आणि ती पैशानें व मायेनें पाठीशीं उभी राहिली. सन १७८८ त कौपर यांनीं गुलामगिरीच्या विरुद्ध कविता लिहिल्या. ज्यास आपल्या तारणाची आशा नव्हती, त्यास दुसऱ्याच्या बेड्यांचें दुःख कळत होतें.

आजार मात्र गेला नाहीं. प्रत्येक जानेवारी महिना जवळ आला कीं त्यांचें मन थरथरे. सन १७८७ त पुन्हां सहा महिने अंधारांत गेले. सन १७९१ त होमर कवीच्या काव्यांचें त्यांचें भाषांतर निघालें, आणि त्याच वर्षाच्या शेवटीं मेरीबाईंस पक्षाघाताचा झटका आला. पुढल्या वर्षीं दुसरा आला. आतां फासा उलटा पडला. जिनें पंचवीस वर्षें त्यांस सांभाळिलें, तिला आतां ते सांभाळूं लागले. हातीं घेतलेलें काम बाजूस ठेवून ते तिच्याजवळ बसत, तिला आधार देऊन चालवीत. आजारी मनुष्य केवळ ओझें असतो असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें दृश्य डोळ्यांपुढें आणावें.

सन १७९४ त राजाकडून वर्षाला ३०० पौंडांचें वेतन मंजूर झालें; पण तेव्हां ते पुन्हां इतके खचले होते कीं त्याचा आनंद त्यांस झाला नाहीं. पुढल्या वर्षीं जॉन जॉन्सन नांवाच्या तरुण नातलगानें दोघांस आपल्या नॉर्फक परगण्यांत नेलें. तेथें ईस्ट डीरहॅम गांवीं सन १७९६ च्या डिसेंबर महिन्यांत मेरीबाई प्रभूच्या ठायीं निजली. सन १७९९ त कौपर यांनीं समुद्रांत पडून एकाकी बुडणाऱ्या खलाशावर आपली शेवटची मोठी कविता लिहिली. त्या खलाशांत त्यांनीं स्वतःस पाहिलें होतें. सन १८०० च्या एप्रिल महिन्याच्या २५ तारखेस त्यांचा अंत झाला. आपण त्यागिलेले आहों ही समजूत शेवटपर्यंत गेली नाहीं असें मानण्यास जागा आहे. चरित्राचा शेवट गोड करावा म्हणून आम्ही ही गोष्ट झांकून ठेवीत नाहीं.

कोणी म्हणतात, न्यूटन यांच्या कडक धर्मोपदेशानें त्यांचें डोकें फिरलें. हें बरोबर नाहीं. पहिले दोन झटके न्यूटन यांची भेट होण्याच्या कितीतरी आधीं आले होते. कोणी म्हणतात, खरा विश्वास असता तर आजार परत आला नसता. हेंही बरोबर नाहीं. विश्वासाचीं ती गीतें लिहिणाऱ्याच मनुष्यास तो परत आला. मधुमेह झालेल्या बंधूस आपण त्याच्या विश्वासाची परीक्षा विचारीत नाहीं. मग ज्याचें मन आजारी आहे त्यासच ती कां विचारावी?

आमच्या खेड्यांतून अशा मनुष्यास कोणी भगताकडे नेतात, कोणी कोंडून ठेवितात, आणि मंडळींतील कोणी त्याचें गुप्त पाप शोधूं लागतात. बंधूंनो, असें करूं नका. कौपर यांच्या काळीं ह्या रोगावर खरें औषध नव्हतें. सन १९४९ त ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर जॉन केड यांनीं लिथियम नांवाच्या क्षाराचा अति-उल्हासाच्या अवस्थेंत उपयोग होतो असें प्रसिद्ध केलें. तें औषध आजही, वेळोवेळीं रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीनें देतात, आणि दुसरींही औषधें आहेत. बरें वाटलें म्हणून तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत चौकशी करावी. भारत सरकारनें सन २०२२ त सुरू केलेल्या टेलि-मानस ह्या सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर फोन करून मराठींतही सल्ला घेतां येतो. कोणी जीव देण्याची भाषा बोलूं लागला तर त्यास एकटें सोडूं नये आणि तें बोलणें हंसण्यावारी नेऊं नये.

औषध हें डॉक्टरांचें काम. सोबत हें आपलें. कौपर यांस स्वतःविषयीं आशा धरतां येत नव्हती, तेव्हां मेरीबाईंनीं आणि न्यूटन यांनीं ती त्यांच्याकरितां धरून ठेविली. ज्यास प्रार्थना करवत नाहीं त्याच्यासाठीं दुसऱ्यानें प्रार्थना करावी, ज्यास उपासनेस येववत नाहीं त्याच्या ओट्यावर कोणी तरी जाऊन बसावें. पुढल्या आदितवारीं मंडळींत ज्याची जागा बरेच दिवस रिकामी दिसते, त्याच्या घरीं जा. उपदेश बरोबर नेला नाहीं तरी चालेल. कोंबड्यांस दाणे टाकीत त्याच्याजवळ बसा, आणि घाई करूं नका.